दारव्ह्याची कोरडी हवा

१० एप्रिल, दारव्हा

पोचलो, तीन दिवस झाले. पुण्याच्या छातीच्या डॉक्टरांनी बायकोला, सुरभीला, कोरड्या हवेत राहायला सांगितलं होतं. जिल्ह्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. ते काम तिच्या शिक्षण संस्थेने बदलीच्या कागदावर केलं. इथे त्रेचाळीस अंश आहे आणि नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. हवा इतकी कोरडी की टॉवेल वाळत घालून वळावं तर त्याचा पापड झालेला. सुरभीने तीन दिवस दम्याच्या पंपाला हात लावलेला नाही. आज ती पायऱ्या चढून आली आणि एक अख्खं वाक्य एका दमात बोलली. वाक्य माझ्या आळसाबद्दल होतं, तरी मला आनंद झाला.

बावीस वर्षं मुद्रितं तपासून आणि अधूनमधून विनोदी लेख लिहून मी नोकरी सोडली आहे. आता अभ्यासिका काढणार. तालुक्याच्या गावात हल्ली उपाहारगृहांपेक्षा अभ्यासिका जास्त असतात. स्पर्धा परीक्षावाल्यांना गार, शांत आणि बिनखिडकीची जागा लागते, म्हणजे बाहेर लोक जगतायत हे दिसत नाही. आमच्या घराला नेमकं तळघर आहे. एक मेला उद्घाटन. कॉलेजला सुट्टी लागली की खाली टेबलाशी सुरभी बसेल.

घर विकणारे बबनराव सोयाबीनचे अडते. किल्ल्या देताना त्यांनी दोनदा विचारलं, खाली दिवसभर कोण बसणार? मॅडम, म्हटल्यावर चेहरा खुलला. पत्नीचा, विमलताईंचा, हार घातलेला फोटो ते खिळ्यावरून काढत होते. शिष्टाचार म्हणून चौकशी केली तर म्हणाले, "विमल खालीच बसून राह्यली." सवयीने मी मनातल्या मनात 'राह्यली'चं 'राहिली' केलं. बाईंनी शेवटचे दिवस गारव्यात काढले असावेत.

१५ एप्रिल

तळघराच्या फरशीला ओल आहे. अख्खं गाव घागरी घेऊन टँकरच्या मागे पळतंय आणि आमच्याकडे जमिनीत पाणी मुरतंय! स्वयंपाकघरामागचं लोखंडी दार उघडून अकरा पायऱ्या उतरायच्या. मधोमध एक जाडजूड खांब, आणि त्यापलीकडच्या कोपऱ्यात परातीएवढा ओला डाग.

श्रावण मिस्त्री आला. मूळ फुलसावंगीचा, पण कामं इकडे करतो. डाग सोडून आधी त्याने मला न्याहाळलं. "काळ्या मातीत तळघर कोन करते, सर? हे माती पावसात फुगते अन् उन्हात फाटते. भिंती जागेवर राहात नाहीत." मी म्हटलं, हे मी बांधलेलं नाही. तो म्हणाला, "घेतलं तर तुमीच नं!" एका मिस्त्रीपुढे विनोदी लेखकाची लाज गेली.

१९ एप्रिल

फरशी उखडली. खालची माती ठणठणीत कोरडी. मनगट जाईल एवढ्या भेगा. श्रावणने फरशीचा तुकडा उलटासुलटा केला: खालून कोरडा, वरून ओला. म्हणाला, "ओल खालून नाही येऊन राह्यली. कोनी वरून बसल्यावानी आहे." मग हसला. मीही हसलो. डागाच्या पुढे आणखी दोन छोटे डाग आहेत, पावलांएवढे. उकिडवं बसलेलं माणूस जिथे पाय टेकेल, तिथेच.

कॉलेजातून आल्यावर सुरभी देखरेखीला गेली आणि उपड्या घमेल्यावर अर्धा तास बसली. ती उठली तेव्हा डाग वाळलेला. श्रावण म्हणाला, मॅडमचा पायगुण. संध्याकाळी तिला खोकला आला. सिमेंटची धूळ असणार.

२४ एप्रिल

गिट्टी, प्लास्टिकचा कागद, वर काँक्रीट. श्रावणने सगळं नेमाने केलं. तरी काँक्रीटवर डाग त्याच जागी उमटला. सुरभी बसली की सुकतो, ती वर आली की परत येतो. तीन दिवस मी घड्याळ लावून पाहतोय. माणसाने निरीक्षण करत राहावं. ती पुन्हा पंप घ्यायला लागली आहे. खाली बसलं की बरं वाटतं, म्हणते.

२६ एप्रिल

हे नीट लिहून ठेवतो.

टाइल्सआधी पातळी बघायची होती. मिस्त्री लोक पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, दूर. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर थांबलं की भिंतीवर खूण करायची. माझं टोक पायऱ्यांशी, श्रावणचं खांबापलीकडे. मी ओरडलो, धरलंस का? उत्तर नाही, पण पाणी स्थिर झालं. मी खूण केली. मग माझ्याकडचं पाणी उतरायला लागलं. गळत नव्हतं. थोडं उतरायचं, थांबायचं. थोडं उतरायचं, थांबायचं.

पलीकडे कोणीतरी घोट घेत होतं.

सुरभी कॉलेजात होती. आणि श्रावण दोन कप चहा घेऊन माझ्या मागून पायऱ्या उतरला. "कोनासंग बोलून राह्यले, सर?"

सांगितलं. हसण्यावारी न्यावं म्हणून बबनरावांचं ते वाक्यही ऐकवलं. त्याने कप पायरीवर ठेवला. म्हणाला, "सर, 'बसून राह्यली' म्हंजे बसली होती नाही. आमच्याकडं त्याचा अर्थ, आता बसून आहे. ह्या घडीले."

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी.

थापी घेऊन तो निघाला. नळी घेतली नाही. जाताना एवढंच म्हणाला, "मॅडमले खाली येऊ देऊ नका."

२७ एप्रिल

सुरभीला सांगितलं नाही. ती हसेल, हे कारण. दुसरं असं की टाइल्सऐवजी विनाइल टाकतोय, ते चिकटायला जमीन कोरडी लागते, आणि ती कोरडी राहायला सुरभी लागते. आजपासून तिला सुट्टी. तिला वही दिली आणि खाली बसून विद्यार्थ्यांची यादी करायला सांगितलं. चार तास बसली. विनाइल छान बसलं.

२८ एप्रिल

बबनरावांना फोन केला. आढेवेढे घेतले नाहीत. विमलताई गेल्या त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी तळघरात शिरलं. बाई खालून सोयाबीनची पोती उचलून द्यायच्या, बबनराव वर घ्यायचे. बाईंना धाप लागली. हे म्हणाले, बस जरा, एवढे टाकून येतोच. पोती ट्रॅक्टरवर रचली, ताडपत्री बांधली. मग आले. तोवर तळघर भरलं होतं. "माल भिजत होता नं, सर."

आता काय करायचं, विचारलं. म्हणाले, "कोनं तरी जवळ बसा लागते. मंग तिची ओल त्याच्याकडं जाते. दोन वर्षं मी बसलो. माह्या छातीत दम नाही राह्यला." मग आपुलकीने विचारलं, "मॅडम बसतात नं?"

२९ एप्रिल

सुरभीला डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसांत पाणी. त्यांनी विचारलं, मॅडम कुठे बुडाल्या होत्या का? उद्याच यवतमाळला दाखल करा म्हणाले.

परवा उद्घाटन. पत्रिका वाटल्यात. म्हटलं, एक तारीख होऊ दे.

३० एप्रिल, सकाळ

ती बोलते तेव्हा घशात पाणी हलतं. तरी स्वतःहून खाली गेली. मी अडवायला हवं होतं. मी दार धरून उभा होतो—तिला वाट देण्यासाठी.

दुपार

हे पत्रिकेच्या पाठीवर लिहितोय. रोजनिशी टेबलावर नाही—

पाच वाजता

तळघरात लिहितोय. रोजनिशी तिच्या मांडीवर होती. २७ तारखेच्या पानावर तिची ओली बोटं उमटलीत. वाचलंय. सगळं.

उठ म्हटलं. उठता येईना. हात पुढे केला. तिने तो धरला, ओढला—बसलो मी. ती उठली.

रोजनिशी माझ्या हातात दिली. "लिही. तुला लिहायला निवांतपणा लागतो ना."

अकरा पायऱ्या, कठडा न धरता. दाराची कडी, बाहेरून.

साडेपाच?

विनाइल ओलं. पँट ओली. शेजारी कोणी—बघत नाही. थंड खांदा टेकलाय. तो सरकत—

हाक मारली. आवाजात पाणी.

दिवा आहे अजून. शाई पसरते—

वर श्रावणचा आवाज. नळी न्यायला आलाय. विचारतोय, सर कुठं गेले? ओरडलो, तोंडातून पाणीच—

सुरभी त्याला सांगतेय, पुण्याला. मग हसली. खोकला नाही, धाप नाही, मोकळी, लांबलचक हसली. एवढं सलग हसताना तिला मी लग्नानंतर कधी