खिडक्यांतल्या जाळ्या माझ्या नाहीत

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, धंदा खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या बनवणे, शिक्षण कला शाखेची पदवी (घरातली पहिलीच), हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. आई म्हणते, धडधाकट पोरीने असलं काही लिहू नये. पण गेल्या महिन्यात वेल्डिंग मशीनच्या वायरचा झटका बसून मी पडले. डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळी, "तुला काही झालेलं नाही, आधी ती वायर बदल," म्हणून घरी पाठवलं. त्या एका रात्रीत माझ्यामागे जे घडलं, त्यामुळे हा कागद करते आहे.

एका कलादालनाचे मालक वर्षभर माझा पिच्छा पुरवत आहेत. लोकांच्या घरात मी बसवलेल्या जाळ्या काढून त्यांना दालनात टांगायच्या आणि विकायच्या आहेत. मी दोनदा नाही म्हटलं. मी दवाखान्यात आहे हे कळताच ते फळं घेऊन वर्कशॉपमध्ये आले आणि बाबांपुढे कागद ठेवला : माझ्या सर्व कलाकृतींचे सर्व हक्क. बाबांना सहीपुरतं लिहिता येतं. छापील कागद पुढे आला की ते सही करतात; नाही म्हणणं त्यांना उद्धटपणा वाटतो. त्या दिवशी ते ग्रीसचे हात धुवायला उठले, तेवढ्यात आई आली. म्हणाली, "लेक घरी येऊ दे. तिने बघितल्याशिवाय इथे कशावर सही होत नाही." पण दर वेळी आई वेळेवर येईलच असं नाही.

तर माझ्या पश्चात :

१. वेल्डिंग मशीन (नवी वायर घातलेलं), कटर आणि ड्रिल धाकट्या भावाला. अट एकच. डोळ्यांपुढे काळी काच घेतल्याशिवाय काम करायचं नाही. "ताई, एवढ्याशा जोडाला कशाला काच?" हे तो म्हणणारच, म्हणून उत्तर इथेच देते : एवढ्याशा जोडालाच.

२. बँकेतली शिल्लक आईला. ती घरखर्चात घालायची नाही. तिने दात बसवून घ्यायचे आहेत. "पुढच्या वर्षी बघू" हे कारण या कागदाने रद्द केलं आहे.

३. पदवीचं प्रमाणपत्र बाबांना. तसं ते त्यांच्याच ताब्यात आहे. त्याची चौकट त्यांनी जाड लोखंडी पट्टीची केली, तीही इतकी जड की दोन वेळा खिळ्यासकट खाली आली. हल्ली ती जमिनीवरच भिंतीला टेकून उभी असते. तशीच राहू द्यावी.

४. काका म्हणाले होते, "शेवटी लोखंडच वाकवायचं होतं, तर एवढी फी कशाला भरलीस?" त्यांच्या गॅलरीची जाळी मीच केली. त्यांनी अजून तिला बरी म्हटलेलं नाही, पण पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला तिकडे नेतात, हे काकूने फोडलं. फिट्टंफाट.

५. शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी माझ्या जाळीवर शेरा दिला होता : "हे काम आहे, कला नाही." तो शेरा मी सरांना साभार परत करते. बरीच वर्षं उराशी बाळगला. आता जागा अडते.

६. आता जाळ्यांविषयी.

यातली एक आमच्या मागच्या गल्लीत आहे. तिथले आजोबा बसचालक होते. कंबर मोडल्यापासून अंथरुणावरच असतात. मी माप घ्यायला गेले तेव्हा विचारलं, झाड करू की पाखरं? ते म्हणाले, "दोन्ही नकोत. जन्मभर सगळं मागे पळतानाच बघितलं. थांब्यावर उभी असलेली माणसं कर, बाई. आणि त्यांना घाई नको." खिडकी पश्चिमेची. दुपारी ती माणसं सावल्या होऊन फरशीवर उतरतात, मग ऊन कललं की पलंगावरून भिंतीवर सरकतात. सूर्य गेला की आजोबा आत हाक मारतात, "सूनबाई, आजची सगळी चढली गं!"

दालनवाले तिथेही पोचले. म्हणाले, "इथे हे कोण बघणार?"

सूनबाई म्हणाल्या, "आम्ही बघतो की! आम्ही काय खिडकीबाहेर राहतो?"

"मी बदल्यात नवी साधी जाळी फुकट बसवून देतो."

"मग ती साधी तुमच्याकडेच टांगा ना."

या जाळ्यांना कोणी हात लावू नये असं कलम घालून घ्यायला मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला. "अगं, जे तुझं नाही ते तू कोणाला देणार? भिंतीत बसली, पैसे चुकते झाले, की जाळी घरवाल्यांची. तू विकू शकत नाहीस आणि तुझे बाबासुद्धा."

"त्यांनी सही केली असती तर?"

"तर त्या माणसाला एक सही मिळाली असती. खिडकी नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या जिन्यातच बसून राहिले. वर्षभर मी न झोपता राखण करत होते, ती दुसऱ्यांच्या दारांची, आणि त्यांना कड्या होत्या.

म्हणून जाहीर करते की खिडक्यांतल्या जाळ्या माझ्या मालकीच्या नाहीत आणि त्यांच्याबद्दल माझी काही सूचना नाही. गंजल्या तर घरच्यांनी आवडेल तो रंग द्यावा. घर पाडलं तर भंगारात घालाव्यात. दालनवाल्यांना बघायच्या असतील तर त्यांनी दुपारी जावं आणि आधी दार वाजवावं.

७. साक्षीदार कोण, यावर बाबांनी हात पुसून पेन मागितलं. मी समजावलं, "बाबा, ज्याला यात काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

"म्हणजे मी सही करायची नाही?"

"नाही."

"मागितली तरी?"

"तरी."

बाबा खुर्चीत मागे टेकले. "बरं झालं बाई," म्हणाले. "सुटलो."

ठिकाण : आमचं वर्कशॉप, मागची खोली
दिनांक : १४ मार्च, रविवार, काम बंद

सही : (लिहून देणारी)

साक्षीदार :
१. वकीलबाई. (सही)
२. मागच्या गल्लीतल्या आजोबांच्या सूनबाई. (सही) आत काय लिहिलं आहे ते मी वाचलेलं नाही. माझ्यासमोर सही झाली. मुलगी ठणठणीत आहे.