उरलेले रविवार

मी, प्रफुल्ल शमुवेल खोब्रागडे, वय बहात्तर, पोस्टातून निवृत्त, राहणार सौंसर, जिल्हा पांढुर्णा, परमेश्वराला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. हात कापतो म्हणून अक्षर माझ्या मुलीचं, तेजस्विनीचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. ते नेहमीच होतं, मीच घरी ठिकाणावर नसायचो.

१. सौंसरचं राहतं घर आणि पोस्टातली ठेव मुलगा तुषार व मुलगी तेजस्विनी यांना निम्मी निम्मी. अंगणातला लिंब तोडू नये. माझी प्रभुवासी पत्नी वंदना दर रविवारी संध्याकाळी त्याखाली उभी राहून माझी वाट बघायची.

२. पेटी नात हिमानीला. अट एकच: ती वाजवेल तेव्हा तुषारने मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून तिच्याजवळ बसावं. तुषार नागपूरला चर्चच्या तरुण संघाचा सचिव आहे, आणि रविवारी पोरीला बाप पाठमोराच दिसतो. हे त्याने माझ्याकडूनच उचललं, त्यामुळे त्याच्यावर रागवायला मला तोंड नाही.

३. चर्चच्या मंडळीच्या कमिटीने २००९ साली मला 'आदर्श पिता' असं प्रमाणपत्र दिलं. ते चुलीत घालावं. फ्रेम सागवानी आहे, तीत वंदनाचा फोटो लावावा. देण्याआधी माझ्या मुलांना एका शब्दाने विचारलं नाही, याबद्दल कमिटीवर माझा राग अजून आहे.

४. सायकल कोणालाच देत नाही, भंगारात घालावी. तिच्याबद्दल एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, जी मी वंदनालासुद्धा खरी सांगितली नाही.

नोकरीत सुट्टी एकच, रविवारची. ती मी बोरगाव आणि लोधीखेड्याच्या मोजक्या ख्रिस्ती घरांना दिली. सकाळी बोरगावला प्रार्थना, मग लोधीखेड्याला उपासना आणि संदेश. १९९१च्या डिसेंबरात सात वर्षांची तेजस्विनी हट्ट धरून कॅरिअरवर बसली. बोरगावला मनकर्णाबाईंच्या संत्र्याच्या बागेत प्रार्थना झाली. ऊन कोवळं होतं. पोर सतरंजीवर आडवी झाली, पानांच्या सावल्या तिच्या अंगावरून हळूहळू सरकत होत्या. मी डोळे मिटले, प्रार्थना केली, डोळे उघडले, सायकल काढली आणि एकटाच निघालो. वाटभर मला वाटत राहिलं की मागे बसून ती गाणं म्हणते आहे. तो रस्ता अजून स्वप्नात येतो. धुकं असतं, लोधीखेडा काही येत नाही, आणि मागचं गाणं चालूच असतं. मी मागे वळून बघत नाही, कारण स्वप्नातही मला ठाऊक असतं.

सगळ्यांना मी सांगितलं की लोधीखेड्याहून निघताना ती आठवली. ते खोटं आहे. त्या दिवशीचा संदेश बापाने लेकरांना वेळ द्यावा यावरच होता, आणि तो अर्धा झाला तेव्हाच मला ती आठवली. पण लोक मन लावून ऐकत होते. मी संदेश पूर्ण केला, आशीर्वाद दिला, चहासुद्धा घेतला. मग गेलो. मला माझी फार लाज वाटते.

इथे तेजस्विनीने पेन थांबवलं. त्यानंतर आम्ही जे बोललो, तेही तिने जसंच्या तसं लिहावं असं मी सांगितलं.

"चहा पेऊन आले तुम्ही?"

"हो."

"मी झोपली नव्हती, बाबा. तुम्ही सायकल काढली तवा जागीच होती. पाहून राहिली होती, तुम्हाले माही याद येते का नाही."

"मंग?"

"मंग लय वेळ पाहिलं. मंग खरंच झोप लागली."

त्यानंतर तिने सायकलवर बसायचा हट्ट कधी धरला नाही. मी समजलो, पोर शहाणी झाली. चौतीस वर्षं मी असंच समजत होतो.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं मंग पाहू. आज लोधीखेड्याले उपासना हाय ना तुमची?"

५. म्हणून हे कलम, जे आज सकाळी लिहायला बसेपर्यंत ठरलेलं नव्हतं. माझे उरलेले सगळे रविवार, असतील तितके, तेजस्विनीचे. वकीलसाहेबांनी बजावलं आहे की मृत्युपत्र मरणानंतरच लागू होतं. बाकीची कलमं खुशाल थांबोत. हे आजपासून लागू.

लोधीखेड्याला आत्ताच फोन केला की मी येत नाही. तिकडून काळजीने विचारलं, "तब्येत बरी नाही का, भाऊ?"

"बरी हाय," मी म्हणालो. "पोरीजवळ बसून राहिलो."

वरील मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे.

सही: प्रफुल्ल शमुवेल खोब्रागडे

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली:
साक्षीदार १: विनायक शांतवन सोमकुवर, सौंसर
साक्षीदार २: गायत्री मोरेश्वर बोबडे, शेजारीण, पांढुर्णा

स्थळ: तेजस्विनीचं घर, पांढुर्णा
दिनांक: रविवार, ७ डिसेंबर २०२५, सकाळी साडेदहा, उपासनेला निघायची वेळ