आबांचं राहिलेलं प्रभुभोजन

आबा, आज तुमचे मोठे भाऊ आले होते. तेच, ज्यांचं नाव आपल्या घरात कधी निघालं नाही. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. जळगावच्या आपल्या चर्चमध्ये ते चपला बाहेर काढून, टोपी हातात धरून शेवटच्या बाकावर बसले होते. उपासना संपल्यावर काठी टेकत माझ्यासमोर आले आणि जे बोलले, त्यानं मी अजून सुन्न आहे. घरी येऊन दोन तास झाले, अंगावरची साडीही बदललेली नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुम्ही कोण होतात हे मला आज कळलं.

शनिवारी संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात तुमचं राज्य. काळ्या मनुका उकळून तुम्ही प्रभुभोजनाचा रस करायचात, पावाच्या कडा काढून सारखे तुकडे करायचात आणि कडा मला द्यायचात. लवकर गाळा ना, म्हणून मी मागे लागायचे. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करणारी मी, आजही तशीच आहे. तुम्ही म्हणायचात, “थांब गं, निवू दे.” दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब त्या पावाचं आणि रसाचं तबक बाकाबाकावरून फिरवतात, तुमच्यापर्यंत येतं, आणि तुम्ही मान खाली घालून ते पुढे सरकवता. दर वेळी. मंडळीत कोण घेत नाही हे सगळ्यांना दिसतं, आबा. मनात पाप असेल किंवा कुणाशी वैर असेल तर घेऊ नये, ही आपली रीत. तुमचं वैर तर कुणाशी दिसत नव्हतं. मग उरलं काय, ते लोकांनी ठरवून टाकलं आणि मीही.

त्यात तुमची ती धुळ्याकडची फेरी. वर्षातून एकदा पांढरा शर्ट इस्त्री करून सकाळच्या एसटीनं जायचात आणि उतरलेल्या तोंडानं परत यायचात. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, मी एकोणीस वर्षांची असताना, तुम्ही फाटकातून आत येत होतात आणि शेजारच्या काकू ऐकत असताना मी विचारलं, “धुळ्याला कोण ठेवलीय तुम्ही?” तुम्ही हात उचलला नाहीत. पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “न्याय करायची तुला फार घाई आहे. देवाला नाही. त्याची वेळ आली की कळेल.” मला वाटलं, बाई लपवायला देवाला पुढे केलंत. काय बोलून बसले होते मी!

आज तुमचे भाऊ, माझे मोठे बाबा, चर्चच्या पायरीवर बसून सगळं सांगत होते. तुमचा नुकता बाप्तिस्मा झाला होता आणि आजी वारली. नव्या विश्वासाच्या तावात तुम्ही स्वतःच्या आईच्या तिरडीला खांदा दिला नाहीत, लांब उभे राहिलात. भावानं त्या दिवशी दार लावलं ते लावलंच. वर्षभरात तुम्हाला चूक उमगली, आणि तेव्हापासून आजी गेली त्या दिवशी तुम्ही दर वर्षी धुळ्याकडच्या त्या दारासमोर जाऊन बसायचात.

“दर साल ये तुना बाप,” ते म्हणाले. “ओटावर बसे. म्हणे, भाऊ, तू माफ करशी तवय मी देवनं जेवन लिसू. मी बाहेर निंघनू नही, बेटा. बठ्ठा गाव देखे, तरी निंघनू नही.”

भाऊ माफ करेल तेव्हाच प्रभुभोजन घेईन, म्हणून सत्तावीस वर्षं, आबा! गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर मी स्टँडवर भांडते. आणि तुम्ही सत्तावीस वर्षं बंद दाराशी बसून आलात, वर घरी एक शब्द काढला नाहीत, कारण आमच्या मनात मोठ्या बाबांबद्दल अढी बसली असती. हेही तुम्ही बंद दारालाच सांगितलं होतं, आतून मोठ्या बाबांनी ऐकलं. अभिमान वाटायला हवा होता, पण मला आधी तुमचा राग आला. मला तरी सांगायचंत!

मग त्यांनी माझा हात धरला. ऐंशी ओलांडल्यावर दोन गाड्या बदलून ते एवढंच विचारायला आले होते. “त्यानी शेवटले तो उपास सोडा का, बेटा? का मनामुये उपाशीच गया?” त्यांच्या लेखी तो उपास होता.

मी म्हणाले, “सोडला, मोठे बाबा.”

ते रडले. टोपीनं डोळे पुसत म्हणाले, “म्हणजे त्याले कयनं व्हई, मी मनात माफ करेल व्हतं.” त्यांची माफी तुम्हाला पोचली असं त्यांनी धरलं, आणि मी मान हलवली.

खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, आबा. दवाखान्यात तुमची वाचा गेल्यावर पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले, तेव्हा तुम्ही मानेनं नको म्हणालात. ते म्हणाले, “राहू द्या, देव बघून घेईल.” ते गेले, पेला आणि पाव तिथेच राहिला. तुम्ही पापात मराल या भीतीनं माझा जीव जात होता. मी पाव रसात कालवला. तुम्ही ओठ घट्ट मिटून घेतलेत. मी तुमची हनुवटी धरली आणि बाळाला औषध पाजतात तसा चमचा आत घातला. तुम्ही गिळलंत आणि माझ्याकडे बघत राहिलात. त्या बघण्याला मी चौदा वर्षं समाधान म्हणत आले. तुम्ही एवढी वर्षं सांभाळलेलं मी एका मिनिटात मोडलं, आणि वर मंडळीत सांगत फिरले की आबा सुटले.

मोठ्या बाबांना मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. सगळं सांगायला तेवढी पुरली असती. मी त्यांना पाण्याची बाटली आणून दिली, खिडकीशी जागा पकडून दिली आणि मनाशी म्हणाले, देवाची वेळ आली की सांगू. उभ्या जन्मात मला पहिल्यांदाच घाई नव्हती. हे पत्र खरं तर त्यांना जायला हवं. त्यांच्या गावाचं नाव मी विचारलं नाही.