त्रेचाळीस हसरे चेहरे

इलोइलो, ९ सप्टेंबर

ती. विसिंगताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आधी माफी. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रोज संध्याकाळी कागद पुढ्यात घ्यायची आणि कळवण्यासारखं चांगलं काही नाही म्हणून परत ठेवून द्यायची. फोनवर मी नुसतं बरंय, बरंय करते म्हणून फोनला तर तूच बंदी घातली आहेस.

जानेवारीपासून ऑफिसातल्या माणसांची मनं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं आहे. आम्ही त्रेचाळीस जण दिवसभर ऑस्ट्रेलियातल्या परक्या माणसांच्या आजारपणाची बिलं तपासतो, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं काय दुखतंय ते आम्हाला ठाऊक नसतं. म्हणून मनिलाच्या मुख्य कचेरीनं आमच्या दाराशी एक यंत्र बसवलं. त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे आहेत. घरी जाताना आपल्या मनासारखा एक दाबायचा. शिवाय दर गुरुवारी डॉ. लुर्देस येतात. वहीत नाव लिहायचं आणि त्यांच्यापाशी मन मोकळं करायचं.

आठ महिने रोज त्रेचाळीस हसरे चेहरे येताहेत आणि वही कोरी आहे. डॉक्टरीणबाई एकट्या बसून क्रोशानं विणतात. ऑफिसातल्या सगळ्या टेबलांवर आता त्यांचे रुमाल आहेत. गेल्या आठवड्यात मनिलाहून सर अर्सेनियोंचं अभिनंदनाचं पत्र आलं. इतकी सुखी शाखा देशात दुसरी नाही म्हणे. तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारपर्यंत वहीत एकही नाव आलं नाही, तर डॉक्टर जास्त दुःखी शाखेला देण्यात येतील.

ताई, आमच्यात डेल्फिन म्हणून एक आहे. त्याच्याइतका अचूक तपासनीस आमच्याकडे दुसरा नाही. जूनपासून तो जिन्यात बसून एकटा जेवतो. शर्ट अंगावर लोंबायला लागलेत. विचारलं की म्हणतो, मी मजेत आहे मॅडम, तुम्ही जेवलात का? आणि जाताना हसरा चेहरा दाबतो, तोही जरा जोरातच. डॉक्टर गेल्या तर हा माणूस कुणाशी बोलणार, या विचारानं मला काही सुचत नाही. की हाही माझाच आगाऊपणा आहे?

उशिरा लिहिलं म्हणून लोभात कपात करू नकोस.

तुझी,
फेलिसा


गिमारास, १३ सप्टेंबर

चि. फेलीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र बोटवाल्या तोमासनं आणून दिलं. अर्धं बकरीनं खायच्या आत वाचलं.

मनं सांभाळायचं काम, आणि ते तुला! लहानपणी एक कोंबडी सांभाळायला दिली होती, तर ती शेजाऱ्यांकडे राहायला गेली. असो. बत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माझा एक साधा प्रश्न आहे. पोरं सगळी एकच उत्तर लिहितात तेव्हा ती कुणाचं तरी बघून लिहीत असतात. तुझी माणसं कुणाचं बघून हसताहेत, ते विचारलंस का? मोजायला तुला येतं, हे बिलं तपासतेस त्यावरून कळलंच.

मला सर्दी आहे, बकऱ्या ठणठणीत आहेत. जेवत जा.

तुझी ताई,
विसितासियोन


इलोइलो, २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारायला सांगितलंस, मी विचारलं, आणि आता विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतंय.

स्वागताला बसणारी मेरिदेल जिभेला हाड नसल्यासारखी बोलते, म्हणून तिलाच गाठलं. ती म्हणाली, अहो मॅडम, यंत्र तुम्ही आणलंत. त्या दिवशी नवा ड्रेस घालून केवढ्या हौशीनं समजावून सांगितलंत! आता आम्ही रडका चेहरा दाबला तर मनिलावाले तुम्हालाच धरतील ना? आणि यंत्राशेजारी पहारेकरी बसतो. एकानं चुकून मधला चेहरा दाबला, तर त्या बिचाऱ्यानं खुर्ची सोडून त्याला पाणी आणून दिलं, वर माझ्याकडून काही चुकलं का म्हणून दोन दिवस विचारत राहिला. एवढ्या भानगडीपेक्षा हसरा बरा.

म्हणजे आठ महिने ही माणसं मला सांभाळत होती.

मी सगळ्यांना जमवून हात जोडले. म्हटलं, माझी काळजी करू नका, खरं काय ते दाबा. नाहीतर डॉक्टर जातील. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या संध्याकाळी यंत्रात त्रेचाळीस रडके चेहरे!

एक तर माझाही होता. सगळ्यांचे बघून दाबला. हे तुलाच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर अर्सेनियोंचा फोन. मी लोकांचं असं काय केलं, म्हणून. मी घाम पुसत मेरिदेलकडे गेले तर ती समजुतीच्या सुरात म्हणाली, मॅडम, तुम्हाला नक्की कोणता हवाय ते एकदा स्पष्ट सांगा ना, आम्ही तो दाबतो. डेल्फिननंही मान हलवली आणि डबा घेऊन जिन्यात गेला.

वही अजून कोरी आहे. मधे एकच गुरुवार, मग शेवटचा. काय करू?

सर्दीला आल्याचा काढा घे. माझ्यावर हसून झालं की आठवण ठेव.

तुझी,
फेलिसा


गिमारास, २४ सप्टेंबर

चि. फेलीस,
अ. उ. आशीर्वाद.

हसून झालं. खोकलाही आला.

समोर बसवून मन उघड म्हटलं तर मीसुद्धा उघडणार नाही. वर्गात एखादं पोर गप्प झालं की मी त्याला शेंगा सोलायला बसवायची. हात गुंतले आणि नजर खाली गेली की तोंड आपोआप सुटतं. सुपात सोडायचे मोलो कर. मांसाचं सारण कालव, पाऱ्या आण आणि सगळ्यांना दुमडायला बसव. प्रश्न एकही विचारायचा नाही. तुला जड जाईल, पण जीभ चावून बस.

आणि काय गं, त्या वहीत तू स्वतः नाव का नाही लिहिलंस?

तुझी ताई,
विसितासियोन


इलोइलो, १ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शेवटच्या ओळीचा राग आला होता. तो आता गेला आहे, म्हणून आधी मोलोचं सांगते.

आज दुपारी चहाच्या खोलीत चारशे पाऱ्या मांडल्या. सूप पाजणार आहे एवढंच सांगितलं. पहिली दहा मिनिटं मेरिदेल माझे मोलो बघून हसत होती. मी दुमडलेले म्हणजे चुरगळलेली पाकिटं. डेल्फिनचे मात्र एकसारखे, टोपी घातलेल्या नर्सबाईंसारखे. कुणीतरी म्हणालं, वा, कुणी शिकवलं? तो म्हणाला, जॉसेलीननं. जॉसेलीन त्याची बायको, कुवेतला नर्स आहे.

मी जीभ चावली, ताई. खरोखर चावली.

आणखी पाच-सहा मोलो झाल्यावर तो खाली बघतच म्हणाला की ती परत यायची नाही. जूनमध्येच कळवलंय तिनं. तिथे दुसरं कुणी आहे. मग त्याला एकदम आठवलं असावं. कान लाल झाले, आणि म्हणाला, ती चॉकलेटं... जूनपासून दर महिन्याला तो आम्हाला कुवेतची चॉकलेटं वाटत होता, जॉसेलीननं पाठवली म्हणून. ती तो इथल्याच बाजारातून विकत आणत होता.

मग मेरिदेल म्हणाली, माहितीये आम्हाला. डब्याखाली कोपऱ्यावरच्या दुकानाची चिठ्ठी असायची, मी दर वेळी काढून टाकायची. गोड लागायची हो पण! डेल्फिन आधी हसला, आणि मग हातातला मोलो न सोडता रडला. कुणी पाणी आणलं नाही. त्याच्यापुढे आणखी पाऱ्या सरकवल्या.

हे तुला लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, लिहा, आता काय राहिलंय?

नंतर सूप पिताना मी डॉक्टरांचं नाव काढलं. तो म्हणाला, जाईन मॅडम, पण वहीत पहिलं नाव माझं नको. सगळे बघतात. कुणाच्या तरी खाली असेल तर लिहीन. लगेच मेरिदेल म्हणाली तिसरं माझं. कोपऱ्यातून कुणी चौथं म्हणालं, कुणी पाचवं. सातपर्यंत गेलं. पहिलं कुणाचंच नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, अहो, मी तर बरी आहे. ते तोंडातून इतक्या सफाईनं बाहेर पडलं की माझं मलाच ऐकू आलं.

तुला कधी लिहिलं नाही. संध्याकाळी घरी पोचले की कुलूप काढायच्या आधी मी पायरीवर बसून राहते. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. आत दुःखाचं काही नाही. आत कुणीच नाही, एवढंच. डॉक्टरांना यात काय सांगण्यासारखं आहे, याचा मी अजून विचार करते आहे. कदाचित काहीच नसेल आणि त्या मला विणायला शिकवतील.

तुझ्या जिभेसकट तुझा लोभ मला हवा आहे.

तुझी,
फेलिसा

ता. क. उद्या शेवटचा गुरुवार. काम : सकाळी सगळे यायच्या आत वहीत पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिणे. शाईनं.