पोटमाळ्यावर माल भरू नये

मी, पद्मजा यशवंत ओव्हाळ, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लोकर व सुताचे दुकान, राहणार विश्रांतवाडी, आळंदी रोड, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. सलिल खांबेटे यांच्याकडून घेऊन सोबत जोडला आहे. त्या दाखल्याची गरज मला नव्हती, पण माझ्यामागे काही लोकांना भासेल. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. दुसऱ्या एका बाबतीत दाब आणण्याचा प्रयत्न झाला होता, त्याची हकीकत पुढे येते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. मी काळजी करत नाही, पण दुकानाचा निकाल लावल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही.

कलम १. माझे पती यशवंत दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि नंतर सहा वर्षांनी वारले. आम्हाला एक मुलगा, अनिरुद्ध. तो हडपसरला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. त्याची मुलगी स्पृहा ही माझी एकुलती नात. याखेरीज मला वारस नाही. दीर आहेत, पण त्यांना मी जिवंत असतानाही माझी आठवण नव्हती, तेव्हा मेल्यावर त्रास देऊ नये.

कलम २. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. त्रिशरण, पंचशील व्हावे. भाषणे होऊ नयेत. कोणाला बोलल्याशिवाय राहवत नसेल तर त्याने दुकानात येऊन दोन ओळी विणाव्यात, म्हणजे तोंड आपोआप बंद राहते.

कलम ३. आळंदी रोडवरील 'ओव्हाळ लोकर व सूत' या दुकानाचा गाळा मी टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर माझ्या स्वतःच्या पैशातून विकत घेतला. त्यात पतीचा किंवा मुलाचा वाटा नाही. अॅड. कल्याणी निमकर, ज्या हे मृत्युपत्र तयार करत आहेत, त्यांनी हे वाक्य ठळक लिहायला सांगितले आहे.

कल्याणीने आणखीही सांगितले होते, की मृत्युपत्रात कारणे लिहायची गरज नसते. मी तिला म्हटले, कारण लिहिले नाही तर लोक आपापले कारण शोधतील, आणि इथल्या लोकांची शोधबुद्धी मला माहीत आहे. म्हणून लिहिते.

दर गुरुवारी दुपारी दुकानात बायका विणायला बसतात. याला ठराव नाही, वर्गणी नाही. सुरुवात गोदाबाई शेलार यांनी केली. त्या निवृत्त परिचारिका, पलीकडच्याच गल्लीत राहतात. एकदा त्या स्वेटरचा गळा चुकला म्हणून विचारायला आल्या, स्टुलावर बसल्या आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. मग इतर येऊ लागल्या. कोणी शिक्षिका, कोणी बँकेतल्या, कोणी नातवंडांना शाळेत सोडून येणाऱ्या. कल्याणी त्यातलीच. ती क्रोशाची सुई अजून पेनासारखी धरते.

तेजस्विनी आमच्याकडे आली ती पांढरे सुती धागे घ्यायला. बाळाचे टोपडे करायचे आहे म्हणाली. दोन महिन्यांनी तिने ते धागे न वापरता परत आणले. मी बदलून निळे दिले, काही विचारले नाही. त्यानंतर ती गुरुवारी बसू लागली. हात चांगला, टाके एकसारखे, बोलणे कमी. मे महिन्याच्या उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालून येत असे. गोदाबाईंनी एकदा धागा गुंडाळून घेण्याच्या निमित्ताने तिचे दोन्ही हात पुढे घेतले आणि मनगटे पाहिली. त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात आम्ही याला पडून लागलं असं लिहायचो. नवरा शेजारी उभा असायचा म्हणून." तेजस्विनीने हात काढून घेतले नाहीत.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, भर दुपारी, ती घरातल्या सपाता घालून दुकानात आली. हातात फक्त पर्स. तिच्या नवऱ्याने, सौरभने, तिला बाहेरून कुलूप लावले होते आणि कामवालीने ते उघडले होते. सौरभचे आडनाव मी लिहीत नाही. ते कागदोपत्री अजून तिच्याही नावापुढे आहे आणि तिला ते नको आहे. ती म्हणाली, माहेरी त्याने आधीच फोन केला असेल, वडील मला परत पाठवतील. फोन त्याने खरेच आधी केला होता.

दुकानावर पोटमाळा आहे. लोखंडी शिडी चढून जावे लागते. लोकरीची खोकी आम्ही एका बाजूला सारली आणि गादी टाकली. दुसऱ्या दिवशी कल्याणी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेली, तक्रार नोंदवली, कोर्टात संरक्षणासाठी अर्ज केला. अर्जावर तारीख पडेपर्यंत ती कुठे आहे हे कोणाला कळू द्यायचे नव्हते. बायकांनी पाळ्या लावल्या. दुकान उघडे असताना खाली दोघी तरी असायच्या, बंद झाल्यावर गोदाबाई वर जाऊन तिच्याशेजारी झोपायच्या. त्यांच्या गुडघ्यांना ती शिडी झेपत नव्हती. तरी एकदाही त्यांनी पाळी दुसरीला दिली नाही.

आमच्या इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष बाळ फणसळकर यांना याचा वास लागला. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारले, दुकानाचा परवाना लोकरीचा आहे की वसतिगृहाचा. मी म्हटले, लोकरीचा, पण आपल्याला आत यायचे असेल तर आधी चप्पल काढावी लागेल. ते आले नाहीत.

अनिरुद्धला मी स्वतः सांगितले होते. तो रविवारी आला, त्याने वरची गादी पाहिली. दुसऱ्याच्या घरातले भांडण आपल्या दुकानात कशाला, असे त्याचे म्हणणे होते. तुझं वय काय, तुला धाप लागते, तो माणूस येऊन काही करून बसला तर, असे तो बराच वेळ बोलला. त्याची भीती खोटी नव्हती. मी त्याला म्हटले, हे कोणाला सांगायचे नाही, घरातही नाही. तो बरे म्हणाला.

दुकानाच्या पाटीवर फोन नंबर त्याचा आहे. ऑनलाइन मागण्या तोच बघायचा. सौरभने बायको कुठे कुठे जायची हे शोधत पाटीवरचा नंबर फिरवला. दुकान त्याला दिसत होते, ती तिथेच वर राहते हे माहीत नव्हते. त्याला पत्ता माझ्या मुलाने, अनिरुद्धने, दिला.

पुढचा दिवस गुरुवार होता. चारच्या सुमारास सौरभ दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. त्याने मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काकू, तेजूला खाली बोलवा. गाडी आणलीय." आवाज इतका गोड होता की नवीन आलेल्या एका बाईने त्याला बसायला स्टूल सरकवले. तो बसला नाही. त्याचे डोळे शिडीवर होते, म्हणजे कुठे बघायचे हे त्याला सांगूनच पाठवले होते. मला तेव्हाच कळले कोणी सांगितले ते, कारण आमच्या बायकांपैकी कोणी सांगणार नव्हती.

मी उठून शिडीपाशी जाऊन उभी राहिले. ती आहे की नाही हे मी बोलले नाही. मी म्हटले, दुकानात काही घ्यायचे असेल तर घ्या, नाहीतर निघा. त्याने मिठाई काउंटरवर ठेवली आणि शटर ओढायची सळई कोपऱ्यातून उचलली. मारायला उचलली की धमकवायला, हे कोर्ट ठरवेल. त्याने ती उगारली, मी हात वर केला. माझे उजवे मनगट मोडले तो आवाज मी ऐकला, दुखणे नंतर आले.

दुकान अरुंद आहे. कोणी ओरडले नाही. गोदाबाई उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांच्यासमोर कल्याणी, कानाला फोन, पोलिसांना पत्ता सांगत. मग स्टूल देणारी ती नवीन बाई. मग बाकीच्या. सळई त्याच्या हातात होतीच, पण आता ती कोणावर उगारायची हे त्याला समजेना. तो एकेकीला बाजूला व्हायला सांगत होता. कोणी हलत नव्हते. मला भिंतीचा आधार होता आणि छातीत असे काही चालले होते की मी मनात म्हटले, आता उभ्या उभ्याच.

तेवढ्यात वर पोटमाळ्याचे दार उघडले. मी डाव्या हाताने नको नको म्हणून खुणावत होते. तेजस्विनी शिडीवरून अर्धी खाली उतरली आणि थांबली. शिडी वाजत होती.

"सौरभ, मी येणार नाही," ती म्हणाली. "आज नाही, नंतरही नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगतेय, म्हणजे उद्या तू वेगळं सांगायला नको."

या आधी तिने त्याला कधी नाही म्हटले नसावे, निदान कोणी ऐकेल असे तरी नाही. त्याने सळई टाकली आणि बाहेर गेला. पोलिसांनी त्याला रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसलेला असताना पकडले. सध्या तो जामिनावर आहे. या रस्त्याने त्याने येऊ नये असा हुकूम आहे. तरी त्याची गाडी दोनदा दिसली आहे. म्हणूनच पुढचे कलम घाईने लिहावे लागत आहे.

कलम ४. दुकानाचा गाळा, पोटमाळा, त्यातील सर्व माल, कपाटे, पाटी आणि नावासह चालता धंदा मी तेजस्विनीला देत आहे. हे दान नाही. माझा हात मोडल्यापासून दुकान तीच चालवते आणि माझ्यापेक्षा चांगले चालवते. तिने स्वतःची भाड्याची खोली घेतली आहे. माझ्यामागे तिला कोणी दुकानातून काढू पाहिल्यास अॅड. कल्याणी निमकर यांनी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून ते थांबवावे. त्यांना मी तो पूर्ण अधिकार देते.

तिच्यावर माझी एकच अट आहे. पोटमाळ्यावर माल भरू नये. तिथे गादी, पंखा, पाण्याची कळशी आणि आतून लागणारी कडी कायम असावी. दिवाळीच्या गर्दीत जागा कमी पडते हे मला माहीत आहे. तेव्हा खोकी रस्त्यावर मांडावीत.

कलम ५. विणकामाच्या सर्व सुया, लाकडी आणि धातूच्या, तसेच माझ्या आईची हस्तिदंती क्रोशाची सुई गोदाबाई शेलार यांना. त्यांना मृत्युपत्रातून काही मिळत असल्यामुळे त्या साक्षीदार म्हणून सही करू शकत नाहीत, यावर त्या रुसल्या आहेत. त्या म्हणाल्या, "सुया नकोत, सही करू द्या." कायद्यापुढे माझा इलाज नाही.

कलम ६. दुकानाबाहेरचे लाकडी बाक, ज्याच्याबद्दल सोसायटीच्या तीन नोटिसा आल्या, ते श्री. बाळ फणसळकर यांना. त्यांनी त्यावर बसून रस्ता बघावा. एखादी बाई पर्स घट्ट धरून, घरच्या सपातांवर चालत आली तर तिला कुठे जायचे ते दाखवावे.

कलम ७. बँकेतील ठेवी स्पृहाच्या शिक्षणासाठी. तिला जे शिकायचे असेल त्यासाठी, तिच्या वडिलांना जे वाटेल त्यासाठी नाही.

कलम ८. माझी सही आता पूर्वीसारखी येत नाही. मनगटात धातूची पट्टी बसवली आहे. बँकेतल्या सहीशी जुळत नाही म्हणून कोणी आक्षेप घेऊ नये. यासाठी सहीशेजारी डाव्या हाताचा अंगठाही दिला आहे.

कलम ९. राहता फ्लॅट, भांडी, यशवंतांची सायकल व पुस्तके अनिरुद्धला. फ्लॅट त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठीच घेतला होता, मी फक्त सांभाळला.

दवाखान्यात तो माझ्या उशाशी बसला होता तेव्हा मी त्याला विचारले, पत्ता कोणी दिला. तो म्हणाला, मी. पुढे म्हणाला, तो माणूस फोनवर रडत होता, मला वाटलं समोरासमोर बोलले तर मिटेल, आणि तू यातून मोकळी होशील. त्यानंतर बरेच महिने मी त्याच्याशी कामापुरते बोलले. तो दर रविवारी येत राहिला. औषधे भरायचा, दार लावून जायचा. तेजस्विनी समोर आली की खाली बघायचा.

कल्याणीचे मत पडले की कलम तीनमधले त्याच्याबद्दलचे वाक्य गाळावे. मृत्युपत्र कोर्टात वाचले जाते, उद्या स्पृहाही वाचेल. मी म्हटले, त्यालाच विचारते. परवाच्या रविवारी मी हा मसुदा त्याच्या हातात दिला आणि सांगितले, ते वाक्य नको असेल तर काढते, दुकान मात्र तिलाच जाणार.

त्याने उभ्यानेच वाचले. दुकानाचे कलम वाचून पान उलटले. मग त्याने पेन मागितले. मी मसुद्यात लिहिले होते, 'त्याला पत्ता माझ्या मुलाने, अनिरुद्धने, अजाणतेपणी दिला.' त्याने 'अजाणतेपणी' हा एकच शब्द खोडला.

"तू मला सांगितलं होतंस कोणाला सांगू नकोस म्हणून," तो म्हणाला. "मला माहीत होतं, आई."

वारसाच्या हातची खाडाखोड चालत नाही, म्हणून कल्याणीने ते पान पुन्हा टाइप केले, तो शब्द वगळून. मी त्याला माफ केले का, हे मला अजून ठाऊक नाही आणि खोटे लिहिणार नाही. त्या दिवशी मी त्याला जेवायला थांब म्हटले. तो थांबला.

येणेप्रमाणे नऊ कलमे मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत सह्या केल्या. दुकान त्या वेळी उघडे होते.

सही व डाव्या हाताचा अंगठा: पद्मजा यशवंत ओव्हाळ

साक्षीदार:
१. डॉ. सलिल खांबेटे, विश्रांतवाडी
२. राधा कचरू रोकडे, समोरच्या औषध दुकानाच्या मालक, विश्रांतवाडी

स्थळ: पुणे
दिनांक: गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५