बोगद्याचा तळ

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी नेमकं काय काम करते हे तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू शेजारणींना "दगडाच्या हापिसात आहे" असं सांगायचीस, आणि ते काही खोटं नव्हतं. अणुवीज तयार झाल्यावर जो जहाल कचरा उरतो, तो हजारो वर्षं माणसांपासून आणि पाण्यापासून लांब ठेवावा लागतो. म्हणून जमिनीच्या पोटात खूप खोल, अखंड खडकात बोगदे खणून तो तिथे कायमचा बंद करायचा. जागा अजून ठरलेली नाही, पण खडक कसा खणायचा हे सुचवणाऱ्या समितीत मी आहे. सुरुंग लावून, की खडक खरवडत पुढे जाणाऱ्या यंत्रानं? सुरुंगाचं काम वळवता येतं, वाईट खडक लागला तर बेत बदलता येतो. यंत्राला वळण जड जातं, पण ते मागे गुळगुळीत भिंत सोडतं. सुरुंगानं भोवतीच्या खडकाला बारीक भेगा पडतात, आणि त्या एकमेकींना भेटल्या की पाणी चालू लागतं. हे तुला समजावून सांगायची गरज नाही.

शहराच्या टोकाला, हुडकेश्वरच्या पुढे तेव्हा वस्ती नव्हती. आपलं दोन खोल्यांचं घर, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे गिट्टीची खदान. दुपारी लाल फडकं घेतलेला माणूस शिट्टी वाजवतो आहे, तू फळीवरचे डबे भराभर खाली उतरवते आहेस, भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन बसते आहेस. धमाका झाला की आधी घड्याळ कानाला लावतेस, मग मला हाक मारतेस. एका उन्हाळ्यात अशाच धमाक्यानंतर विहिरीचं पाणी गढूळ झालं, आणि थोड्याच दिवसांत बादली कोरडी वर यायला लागली. तू मला हाताला धरून खदानीच्या ऑफिसात नेलंस.

"सायेब, आमच्या विहिरीचं पानी कुठी गेलं?"

"उन्हाळा आहे बाई. आटलं असेल."

"उन्हाळा दरसाल येते. तुमच्या सुरुंगानं भेग पडली, तिच्यातून गेलं."

तो इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "भेग विहिरीपर्यंत पोचली हे सिद्ध झालेलं नाही." बाकीचे हसले. तू पदर खोचलास आणि तेच पुन्हा विचारलंस. मग पुन्हा. शेवटी ते पंखा बंद करून जेवायला निघून गेले, तरी तू त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे उभीच होतीस. मी तुझा पदर ओढत होते.

पुढे मी कॉलेजात दगडांचाच विषय घेतला, तेव्हा भाकर थापता थापता तुझा हात थांबला. "आता तू बी सुरुंग लावाले शिकून राहिली काय वं?" त्यानंतर दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मग बर्डीच्या बाजारातून खाणीत घालायचे बूट आणलेस, पुरुषांच्या मापाचे, पुढे कापूस कोंबलेले. "खाली जाशीन तं पाय सांभाळजो," एवढंच म्हणालीस. बायकांना तेव्हा भुयारी खाणीत उतरायची परवानगीच नव्हती, हे तुला सांगवलं नाही. मी ते बूट उघड्या खाणींत झिजवले. कायदा बदलला तोवर तू नव्हतीस.

यंदा मी उतरले. एका बंद खाणीत आम्ही चाचणीचा बोगदा खणला, एकमेकांच्या जवळ भोकं पाडून, थोडीथोडी दारू भरून, जितक्या हलक्या हातानं सुरुंग लावता येतो तितक्या. मग छताच्या, भिंतीच्या आणि तळाच्या लाद्या कापून, भेगा किती खोल गेल्या ते दिसावं म्हणून त्यांच्यावर रंग ओतला. छताला आणि भिंतींना भेगा वरवरच होत्या. तळात मात्र रंग खोल गेला, कारण खालच्या भोकांत दारू जास्त भरावी लागते. काही लाद्यांत भेगा एकमेकींना मिळालेल्या दिसल्या. पुढे त्या सलग जातात की नाही, ते कळत नव्हतं. आणि कचऱ्याची पिंपं त्या तळातच पुरायची आहेत.

बैठकीत बहुतेकांचा कल सगळीकडे सुरुंगच लावावा असा होता. अध्यक्षांनी मला विचारलं, "मॅडम, तळातल्या भेगा सलग आहेत का?"

मी म्हणाले, "सलग आहेत हे सिद्ध झालेलं नाही."

वाक्य खरं होतं. 'सलग नाहीत, हेही सिद्ध झालेलं नाही' हे पुढचं वाक्यही तितकंच खरं होतं, पण ते मी बोलले नाही. अध्यक्षांनी मान हलवली, निर्णय झाला, चहा आला. मी चहा प्यायले. घरी येऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायचंही भान राहिलं नाही. भात करपल्याचा वास आला, तेव्हा गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांकडे गेले आणि राहिलेलं वाक्य बोलले. त्यांनी विचारलं, "मग काल काहून नाही बोलल्या, मॅडम?"

"रात्री आकडे परत पाहिले, सर," मी म्हणाले.

त्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. लोक वैतागले, वाद खूप लांबला. शेवटी ठरलं ते असं, की खाली नेणारे रस्ते सुरुंगानं खणायचे आणि जिथे पिंपं पुरायची ते बोगदे यंत्रानं. मला हवं होतं तेच झालं. बैठकीनंतर माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटतं ते वेगळंच. आकडे मी परत पाहिलेच नव्हते. ते मला पाठ होते. हे अध्यक्षांना मी कधी सांगणार नाही, आणि तुला लिहिलेलं हे टाकायला पत्ता नाही, म्हणून इथे तरी लिहिते. त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा समोरचे दोघं आधीच गालात हसत होते. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण त्या क्षणी, आई, मला तुझ्यासारखं दिसायचं नव्हतं.