नकाशातल्या बसलेल्या माणसाची अडचण

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : माझ्या टेबलाभोवतीच्या कठड्याला दार मिळणेबाबत.
संदर्भ : टेबल सरकवण्याबाबतचा माझा अर्ज व आपले नकाराचे पत्र.

महोदय,

आज सकाळी सव्वाअकरा वाजता वास्तुकला विभागाच्या मोठ्या दालनात माझ्या टेबलाभोवती छातीइतका उंच लोखंडी कठडा बसवण्यात आला. त्या वेळी मी टेबलापाशी होतो. अजूनही आहे.

१. मी या विभागाचा वरिष्ठ लिपिक. इमारत सत्तर वर्षांपूर्वीची, काँक्रीटची. विभागाच्या पहिल्या प्रमुखांनी स्वतः आखलेली. सर्वांना सर्व दिसावे म्हणून त्यांनी आत भिंती घातल्या नाहीत आणि छताला काच ठेवली. ती काच नेमकी माझ्या डोक्यावर गळते. म्हणून टेबल खिडकीकडे नेण्याची परवानगी मी मागितली होती.

२. त्यावर इमारत जतन समितीने मूळ नकाशा बाहेर काढला. त्यात काचेखाली टेबल आहे आणि टेबलापाशी बसलेला माणूस आहे. नकाशात दाखवलेले काहीही हलवू नये, असा ठराव झाला. दालन किती उंच आहे ते कळावे म्हणून नकाशात असा माणूस काढतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असते. मी तसे अध्यक्षांना सांगितले. ते म्हणाले, “बरोबर आहे काका. म्हणून तर तुम्ही हवे!”

३. मी एक दिवस रजेवर होतो, तेव्हा पाहणीत ‘बसलेला माणूस गहाळ’ असा शेरा पडला. तेव्हापासून रजेसाठी बदली माणूस द्यावा लागतो. माझे मेहुणे तयार होते. ते नकाशाच्या मानाने जाड ठरले. दालनाचे चित्र काढणारी मुले मला शिंकूही देत नाहीत. “काका, हलू नका हो!” असे ओरडतात.

४. कठड्याला दार का नाही, असे मी ठेकेदारास विचारले. “नकाशात दार नाहीये, काका. तसा कठडाही नाहीये म्हणा, पण त्याचं टेंडर निघालं होतं.” वरून चढून जावे, तर कठड्यावर ‘चढू नये’ अशी पाटी आहे आणि माझा गुडघा पाटीशी सहमत आहे. पत्नीने फोनवर एवढेच विचारले, “गजांतून जाईल असं काय करून पाठवू?”

तरी कठड्याला दार द्यावे, अथवा नकाशातील माणूस रीतसर खोडावा, ही विनंती.

आपला नम्र व जागेवर असलेला,
(सही)
वरिष्ठ लिपिक, वास्तुकला विभाग
दिनांक : १४ जुलै

सोबत : मूळ नकाशाची प्रत. मी कोणता, ते लाल शाईने दाखवले आहे.

ता. क. दुपारी चार वाजता शिपाई हा अर्ज परत घेऊन आला. ‘सही पडताळण्यासाठी अर्जदाराने समक्ष हजर राहावे’ असा त्यावर आपल्या कार्यालयाचा शेरा आहे.